घोड्यावरचे फादर

जुन्या गोव्याला गेलेला मराठी माणूस बॉम जीझसच्या चर्चमधली सेंट फ्रान्सिस झेवियर यांची शवपेटी पाहिल्याखेरीज सहसा परतत नाही. आमचेही तसेच झाले होते. त्याच झेवियर यांची पहुडलेली मूर्ती पृथ्वीच्या दुसऱ्या अंगाला, मेक्सिकोच्या सोनोरा प्रांतातल्या मॅग्दालेना दे किनो या गावी आहे. ऑक्टोबरच्या सुरुवातीला तिथे मोठी जत्रा भरते. आपल्या वारकऱ्यांसारखी माणसे वाळवंट तुडवीत पायी येतात आणि मूर्तीचे मस्तक हलकेच उचलून तिचे चुंबन घेतात. जवळच चौकात काचेखाली एक सांगाडा आहे. ज्यांचे नाव गावाला मिळाले, त्या फादर युसेबियो फ्रान्सिस्को किनो यांचा. १९६६ साली तो सापडला.

किनो जन्मले १६४५ साली, आज इटलीत असलेल्या ट्रेंटो शहराजवळच्या सेन्यो या खेड्यात. तरुणपणी मोठे दुखणे आले, तेव्हा त्यांनी झेवियर यांना नवस बोलला. बरे झाल्यावर ते जेझुइट झाले आणि फ्रान्सिस्को हे नाव त्यांनी स्वतःला जोडून घेतले. गणित आणि खगोलशास्त्रात त्यांची गती उत्तम होती. मनात एकच ध्यास, झेवियर यांच्यासारखे पूर्वेला, चीनला जायचे. पण जागा दोन निघाल्या, एक फिलिपीन्सची आणि एक मेक्सिकोची. चिठ्ठ्या टाकल्या, आणि किनोंच्या हाती मेक्सिको आले! गंमत अशी की घरचे मूळ आडनाव इटालियन लिपीत जसे लिहीत, ते स्पॅनिश माणूस ‘चिनी’ असेच वाचणार. म्हणून त्यांनी स्पेलिंग बदलून ‘किनो’ केले. चीन असा दोन्हीकडून सुटला.

१६८१ मध्ये ते मेक्सिकोत उतरले. आधी कॅलिफोर्नियाच्या द्वीपकल्पात वसाहतीचा प्रयत्न झाला, पण दुष्काळापुढे १६८५ साली तो सोडून द्यावा लागला. मग १६८७ च्या मार्चमध्ये स्पॅनिश साम्राज्याच्या वायव्य टोकाला, ओओधाम लोकांच्या मुलखात, त्यांनी दोलोरेसची मिशन-वस्ती सुरू केली. स्पॅनिश लोक या जमातीला पिमा म्हणत. येताना किनोंनी एक मोलाचा कागद आणला होता. नव्या ख्रिस्ती झालेल्यांना वीस वर्षे चांदीच्या खाणीत वेठीला धरू नये, असा राजाचा हुकूम. खाणवाल्यांना तो किती रुचला असेल, ते सांगायला नको.

मी आयुष्यभर बँकेत शेतीकर्जाच्या फायली चाळल्या. त्यामुळे किनोंनी किती जणांना बाप्तिस्मा दिला, यापेक्षा त्यांनी गावोगाव काय वाटले, याकडे माझे लक्ष आधी जाते. गाई, घोडे, मेंढ्या, फळझाडांची रोपे आणि गव्हाचे बी. ओओधाम लोक मका, घेवडा आणि भोपळा पूर्वीपासून पिकवीत. पण ती उन्हाळी पावसाची पिके. साठवण संपली की वसंतात कंदमुळे आणि रानातली फळे शोधत फिरायचे. गहू मात्र थंडीत वाढतो आणि नेमका त्या टंचाईच्या दिवसांत हाती येतो. खरिपाला रब्बीची जोड मिळाली की घरात काय फरक पडतो, हे आपल्या शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नाही.

या धान्याबरोबर एक घंटाही आली. पहाटे ती वाजली की प्रार्थना, मग न्याहारी, मग शेतावर किंवा मातीच्या विटा पाडायला. आठवड्यातले काही दिवस मिशनच्या शेतात राबायचे, उरलेले आपल्या. कोणी बायबलातल्या गोष्टी शिकायचे, कोणी सुतारकाम, कोणी गुरे राखायला. बाहेर अपाचेंच्या धाडींची भीती असे, आणि बाहेरून येणाऱ्यांबरोबर देवी-गोवराची साथ येई. शिवाय मिशनवर मुकादमही असत.

अशाच एका परक्या जमातीच्या मुकादमाच्या जाचाने तुबुतामाला १६९५ मध्ये भडका उडाला. काबोर्का इथले तरुण फादर साएता त्यात मारले गेले. शिपाई चालून आले. शांततेच्या बोलीवर जमलेल्या ओओधाम लोकांवर एल तुपो इथे त्यांनी हत्यार चालवले आणि सुमारे पन्नास माणसे मारली. त्यातली बरीचशी निर्दोष होती. मग तर सारा मुलूख पेटला. तह झाल्यावर पन्नाशीतले किनो घोड्यावर बसले आणि सुमारे सात आठवडे प्रवास करून मेक्सिको शहरी पोचले. पिमा बंडखोर नाहीत, हे वरिष्ठांना पटवायला. असे असले तरी त्यांच्याच मागोमाग शिपायांची वाट त्या मुलखात रुळली, हेही खरे, आणि किनोंच्या चांगुलपणाने ते पुसले जात नाही.

त्यांचा नकाशा प्रसिद्ध आहे. कॅलिफोर्निया हे बेट आहे, असे तेव्हा सर्रास मानत. १६९९ मध्ये कोलोरॅडो नदीकडच्या लोकांनी किनोंना निळे शिंपले भेट दिले. तसे शिंपले त्यांनी पूर्वी फक्त पॅसिफिकच्या किनाऱ्यावर पाहिले होते. मग ते इथे समुद्र ओलांडून आले कसे? जमिनीवरूनच आले असणार! १७०१ आणि १७०२ मध्ये नदीपर्यंत जाऊन त्यांनी खात्री केली. तरीही वाद मिटायला १७४७ साल उजाडले, तेव्हा स्पेनच्या राजाने कॅलिफोर्निया बेट नसल्याचे फर्मान काढले.

१७०० साली त्यांनी आजच्या टूसॉनजवळ बाक इथे चर्चचा पाया घातला आणि वस्तीसाठी सातशे गुरे धाडली. नावही झेवियर यांचेच दिले. तिथले आजचे पांढरेशुभ्र चर्च मात्र पुढच्या शतकाच्या अखेरीचे.

१७११ च्या मार्चमध्ये मॅग्दालेनाला झेवियर यांच्या नव्या प्रार्थनागृहाचे उद्घाटन होते. किनो त्यासाठी गेले, तिथेच आजारी पडले आणि १५ मार्चला वारले. हजारो गुरांचा कारभार पाहिलेल्या या माणसाचे अंथरूण म्हणजे वासरांची दोन कातडी, पांघरूण म्हणजे साध्या घोंगड्या, आणि उशाला ओझ्याच्या जनावराचे खोगीर.