देहातला ऑर्गन

कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यात जन्मले. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला व पुढे अनेक वर्षे अहमदनगरला, म्हणजे आपल्या आजच्या अहिल्यानगरला राहून सेवा केली. त्या काळी उपासनेत परदेशी चालींची गीते फार असत. टिळकांनी अभंग, भजने रचून प्रभू येशूची स्तुती मराठी गळ्यात आणली. ऑर्गन विकत घ्यावा लागतो. देहातला ऑर्गन देवाने सर्वांनाच दिला आहे. फुफ्फुसे हा त्याचा भाता, स्वरतंतू हे त्याचे सूर. १९१९ मध्ये टिळक प्रभूघरी गेले, गीते मागे राहिली. मग मिस्सात गायनवृंद गात असताना आपण ओठ मिटून का बसावे?