सर पॅट्रिक गेडिस : एका दिवाळीचे महाराज



आपले इंदूर २०१७ मध्ये स्वच्छता सर्वेक्षणात देशात पहिले आले, हे तुम्हा सर्वांना पाठ आहे. त्याच्या बरोबर शंभर वर्षे आधी या शहरात झाडूची मिरवणूक निघाली होती, हे मात्र फार थोड्यांना माहीत असेल. ती काढणारे होते पॅट्रिक गेडिस.

गेडिस यांचा जन्म १८५४ मध्ये स्कॉटलंडमध्ये झाला. विषय वनस्पतिशास्त्र. मेक्सिकोत असताना डोळे बिघडले, सूक्ष्मदर्शकाचे काम सुटले आणि लक्ष शहरांकडे वळले. एडिनबरोचे श्रीमंत लोक जुने शहर सोडून नव्या वस्तीत गेले होते. त्यांच्या रिकाम्या वाड्यांत खोली-खोलीत गरिबांची कुटुंबे कोंबली गेली होती. १८८६ मध्ये गेडिस पत्नी ॲना यांच्यासह अशाच एका वस्तीत राहायला गेले, स्वतः भिंती रंगवल्या, शेजाऱ्यांना कामाला लावले.

१९१४ मध्ये ते भारतात आले. इथेही तोच प्रकार! रेल्वे आणि कापडगिरण्यांमुळे इंदुरात माणसे रोजगाराला येत होती, घरे तेवढीच. तेव्हाच्या इंजिनिअरांचा उपाय ठरलेला : गल्ली पाडा, रुंद रस्ता काढा. गेडिस म्हणत, की घर पाडलेला माणूस नाहीसा होत नाही, तो शेजारच्या गल्लीत जाऊन तिथली गर्दी वाढवतो. म्हणून आधी गल्ली-गल्ली पायी फिरा, पडके तेवढेच काढा, मोकळ्या जागी झाड लावा, विहीर साफ करा. मला तर हे आजही पटते.

१९१७ हे वर्ष त्यांच्यासाठी फार वाईट होते. मुलगा ॲलास्डेअर फ्रान्सच्या रणांगणावर मारला गेला. ॲना विषमज्वराने आजारी होत्या. त्यांना ही बातमी कळलीच नाही आणि त्यातच त्या गेल्या. तरीही त्याच वर्षी, प्लेगच्या भीतीत, गेडिस दिवाळीत एका दिवसाचे महाराज झाले. मिरवणूक नेहमीच्या मार्गाने जाणार नाही, ज्या मोहल्ल्याने घरे सर्वांत जास्त स्वच्छ केली तिथूनच जाईल, अशी दवंडी पिटली. मग काय, घरोघरी सफाई सुरू! मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, प्लेगचा भला मोठा उंदीर होता, आणि पांढऱ्या कपड्यांतले, गळ्यात हार घातलेले सफाई कामगार होते.

त्यांचा इंदूरविषयीचा अहवाल १९१८ मध्ये दोन खंडांत छापला गेला. १९१९ मध्ये ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले आणि १९३२ मध्ये फ्रान्समध्ये वारले.