कॅमेरा घडवणारे मेस्त्री : बाबूराव पेंटर



आज फोटो काढणे म्हणजे पोरखेळ झाला आहे. मोबाईल धरला, बोट टेकवले की फोटो तयार! पण शंभर वर्षांपूर्वी नुसता कॅमेरा बघायला मिळणे हीच नवलाई होती. सिनेमाचा कॅमेरा तर परदेशातून यायचा. त्याची किंमत ऐकूनच माणूस गार व्हायचा. अशा काळात कोल्हापूरच्या एका कारागिराने तो कॅमेरा हाताने बनवला. त्यांचे नाव बाबूराव पेंटर.

बाबूरावांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापूर येथे झाला. त्यांचे मूळ आडनाव मेस्त्री. घरात कारागिरी होती, त्यामुळे लहानपणीच त्यांच्या हातात हत्यारे आली. चित्र काढणे, मूर्ती घडवणे हे ते कोणत्याही मोठ्या कलाशाळेत न जाता शिकले. नात्याने भाऊ लागणारे आनंदराव हे त्यांचे जोडीदार. दोघे मिळून नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत. पडद्यावरचा राजवाडा खराच वाटायचा. म्हणून लोक त्यांना पेंटर म्हणू लागले, आणि तेच त्यांचे आडनाव झाले.

१९१३ साली दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट आला. तो पाहून या दोघा भावांना सिनेमाचे वेड लागले. पण कॅमेरा आणायचा कुठून? पैसे तर नाहीत. मग ठरले, आपणच बनवायचा! त्यांनी मुंबईहून सिनेमा दाखवण्याचे एक जुने यंत्र आणले आणि त्यावरून अभ्यास सुरू केला. काम अर्धवट असतानाच १९१६ साली आनंदराव वारले. बाबूरावांवर मोठाच आघात झाला. दुसरा कोणी असता तर सामान गुंडाळून ठेवले असते. पण बाबूरावांनी काम सोडले नाही. विष्णुपंत दामले या हुशार शिष्याला बरोबर घेऊन त्यांनी १९१८ साली कॅमेरा पुरा केला. आपल्या देशात तयार झालेला सिनेमाचा पहिला कॅमेरा म्हणून तो ओळखला जातो.

हे काम किती अवघड होते बरं? त्या काळचा कॅमेरा हाताने दांडा फिरवून चालायचा. फिल्मच्या दोन्ही कडांना बारीक भोके असतात. एका फुटात १६ चित्रे बसतात आणि एका कडेला ६४ भोके. दात्यांनी त्या भोकांत अचूक बसून फिल्म पुढे ओढायची, क्षणभर थांबवायची, तेवढ्यात झडप उघडून उजेड आत घ्यायचा, की पुन्हा फिल्म पुढे. असे सेकंदाला साधारण १६ वेळा! दाता केसाएवढा चुकला तरी फिल्म फाटणार, नाहीतर चित्र थरथरणार. आपल्या वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर काम करणाऱ्या पालकांना ही नजाकत लगेच कळेल.

शिवाय काढलेले चित्र लगेच दिसायचे नाही. अंधाऱ्या खोलीत फिल्म औषधात धुवायची, सुकवायची, मग तिच्यावरून दुसरी फिल्म छापायची. तेव्हा कुठे समजायचे की मेहनत फळाला आली की वाया गेली. एका मिनिटात फोटो हातात देणारा एडविन लँड यांचा पोलरॉइड कॅमेरा अमेरिकेत विक्रीला आला तो १९४८ साली. म्हणजे बाबूरावांच्या कॅमेऱ्यानंतर तब्बल ३० वर्षांनी!

गायिका तानीबाई कागलकर यांनी पैशाची मदत केली आणि कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. कंपनीचा पहिला चित्रपट ‘सैरंध्री’ १९२० साली पुण्यात लागला. त्यातील कीचकवध पाहून प्रेक्षक थरारले. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी देऊन गौरविले. त्या काळी चांगल्या घरच्या बायकांनी सिनेमात काम करणे लोकांना पटत नसे. तरी बाबूरावांनी स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनाच दिल्या.

पुढे १९२५ साली त्यांनी ‘सावकारी पाश’ काढला. देवादिकांच्या गोष्टी सोडून त्यांनी कॅमेरा गरीब शेतकऱ्याकडे वळवला. सावकार जमीन गिळतो आणि शेतकऱ्याला पोटासाठी शहरात गिरणीचा रस्ता धरावा लागतो, अशी ती कथा. आपल्याकडच्या कितीतरी आजोबांना ती आपलीच वाटेल. शेतकऱ्याचे काम व्ही. शांताराम यांनी केले होते.

बाबूरावांनी शिष्यांपासून काही लपवून ठेवले नाही. चित्रकला, नेपथ्य, कॅमेरा, सगळे शिकवले. १९२९ साली दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर हे शिष्य बाहेर पडले आणि सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह त्यांनी प्रभात फिल्म कंपनी काढली. इतके कसबी हात गेल्यावर महाराष्ट्र फिल्म कंपनी फार दिवस टिकली नाही. गुरूला याचे दुःख झाले नसेल का? पण बघा, ज्या दामल्यांनी कॅमेरा बनवायला हात लावला, त्यांनीच फत्तेलालांबरोबर १९३६ साली ‘संत तुकाराम’ हा चित्रपट केला. तो पुढे परदेशातही नावाजला गेला. गुरूची विद्या अशी दूरवर पोचली.

१६ जानेवारी १९५४ रोजी बाबूराव हे जग सोडून गेले. त्यांचे बहुतेक मूकपट आज हरवले आहेत. पण कोल्हापुरात त्या कॅमेऱ्याची आठवण म्हणून स्मृतिस्तंभ उभा आहे.

मित्रांनो, एखादी वस्तू आपल्याकडे नाही म्हणून रडत बसू नये. ती कशी चालते ते बघावे, उघडून समजून घ्यावे, आणि आपल्याला आले ते दुसऱ्याला शिकवावे. बाबूरावांनी आयुष्यभर हेच केले. या थोर कारागिराला आपल्या शाळेचे विनम्र अभिवादन!

सांगा पाहू : सेकंदाला १६ चित्रे, तर एका मिनिटाच्या मूकपटाला किती चित्रे लागतील? उत्तर वहीत काढा आणि गुरुजींना दाखवा.