एर्लिख यांची पेशी आणि अंगावरचे फोड

उतारवयात अंगभर खाज सुटते आणि मग टरटरीत, पाण्याने भरलेले फोड येतात. आमच्या सिल्लोडच्या सरकारी रुग्णालयात असे रुग्ण बहुधा नागीण समजून, घरगुती लेप लावून उशिरा येतात. काहींना बुलस पेम्फिगॉइड निघतो. हा आजार समजून घ्यायला जर्मन डॉक्टर पॉल एर्लिख यांचे आयुष्य उपयोगी पडते.

१४ मार्च १८५४ रोजी श्ट्रेलेन (आता पोलंडमध्ये) येथे जन्मलेल्या एर्लिख यांना विद्यार्थिदशेतच रंगांचा नाद लागला. कोणती पेशी कोणता रंग उचलते, हे ते तासन् तास पाहत. १८७९ मध्ये इओसिन या लाल रंगाने रंगणाऱ्या पांढऱ्या पेशी त्यांनी ओळखल्या. रक्ततपासणीच्या कागदावर आजही इओसिनोफिल हे नाव असते. विशिष्ट पदार्थ पेशीवरच्या विशिष्ट जागीच बसतो, हा रिसेप्टरचा विचारही त्यांचाच. १९०८ मध्ये त्यांना नोबेल मिळाले.

१९०० च्या सुमारास त्यांनी शेळ्यांना दुसऱ्या शेळ्यांचे रक्त टोचले. त्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडे तयार झाली, स्वतःच्या रक्ताविरुद्ध नाहीत. शरीर स्वतःला इजा करणे टाळते, असे त्यांनी मांडले. १९०४ मध्ये डोनाथ आणि लँडस्टायनर यांनी उलट उदाहरण दाखवले. पण एर्लिख यांचा दबदबा असा, की तो विचार कित्येक वर्षे मागे पडला. २० ऑगस्ट १९१५ रोजी ते वारले.

१९६० च्या दशकात फोडांच्या आजारांत त्वचेविरुद्धची प्रतिपिंडे सापडली. पेम्फिगॉइडमध्ये ती त्वचेचे थर जोडणाऱ्या प्रथिनांना चिकटतात. मग पेशी एकमेकींना इंटरल्यूकिन नावाचे रासायनिक निरोप धाडतात. इंटरल्यूकिन-५ च्या निरोपावर जमतात त्या एर्लिख यांच्याच इओसिनोफिल पेशी! जमलेल्या पेशींतल्या एन्झाइममुळे थर सुटतात, मध्ये पाणी साचते. इंटरल्यूकिन-४ आणि १३ यांचा रिसेप्टर अडवणाऱ्या डुपिलुमॅब इंजेक्शनला २०२५ मध्ये अमेरिकेत या आजारासाठी मान्यता मिळाली.

एवढ्या मोठ्या माणसाचा अंदाजही तपासून पाहावा लागला. मग आपला का नको? नागीण बहुधा एकाच बाजूला पट्ट्यासारखी येते. दोन्ही बाजूंना खाज आणि फोड असतील तर लेप लावत बसू नका, डॉक्टरांना दाखवा, सांगितली तर बायोप्सी करा. आणि स्टिरॉइडच्या गोळ्या बरे वाटले म्हणून मनाने बंद करू नका.