तार का तापते, हे मोजणारे ज्यूल

नवतपा लागला की वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव या भागांत पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. कूलरने भागत नाही म्हणून घरात एसी बसतो आणि त्याच रात्री एमसीबी पडायला लागतो. घरातले लोक वैतागतात आणि जास्त अँपिअरचा एमसीबी बसवून मोकळे होतात. हा उपाय जीवघेणा का आहे, हे समजण्यासाठी जेम्स प्रेस्कॉट ज्यूल यांच्या आयुष्यात डोकावायला हवे.

ज्यूल यांचा जन्म २४ डिसेंबर १८१८ रोजी इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळच्या सॅल्फर्ड येथे झाला. वडिलांचा बिअरचा कारखाना होता. पाठीच्या कण्याच्या दुखण्यामुळे लहानपणी प्रकृती नाजूक राहिली आणि शिक्षण घरीच झाले. पुढे अणुसिद्धांत मांडणारे जॉन डाल्टन यांनी त्यांना शिकवले. विद्यापीठाची पदवी मात्र त्यांनी कधी घेतली नाही.

कारखान्यातले वाफेचे इंजिन काढून विजेची मोटर बसवली तर परवडेल का, या व्यवहारी प्रश्नातून त्यांचे प्रयोग सुरू झाले. त्या काळच्या बॅटरीतले जस्त कोळशापेक्षा फार महाग पडते, असे उत्तर निघाले. पण मोजण्याचा नाद सुटला नाही. १८४० च्या सुमारास त्यांनी तारेचे वेटोळे पाण्यात बुडवले, त्यातून वीज सोडली आणि पाणी किती तापते ते तापमापीने पाहिले. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे त्यांना आढळले. म्हणजे प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट, तिप्पट झाला की नऊपट.

एमसीबी का पडतो, याचे मूळ इथेच आहे. दिवे आणि पंख्यांसाठी टाकलेल्या बारीक तारेवर दीड टनाचा एसी चढला, त्यात गिझर किंवा इस्त्री सुरू झाली, की भिंतीतली तार भराभर तापते. एमसीबीमधली दोन धातूंची पट्टी त्या वाढलेल्या प्रवाहाने तापून वाकते आणि वीज तोडते. ताप हे जसे आजाराचे लक्षण, तसे हे पडणे. मोठा एमसीबी बसवला की लक्षण दबते, आजार भिंतीत वाढत राहतो. तारेचे आवरण वितळून आग लागते, तीही बहुधा घर झोपेत असताना.

ज्यूल यांना मान्यता उशिरा मिळाली. काम आणि उष्णता एकमेकांत बदलतात, हे ते १८४३ पासून सांगत होते. अंशाच्या लहानशा भागाएवढी त्यांची मोजमापे विद्वानांना खरी वाटत नव्हती. १८४७ मध्ये ऑक्सफर्डच्या सभेत तरुण विल्यम थॉमसन यांनी त्यांचे म्हणणे मन लावून ऐकले. १८५२ पासून दोघांनी मिळून दाबाखालचा वायू अरुंद वाटेने सोडला की बहुधा थंड होतो, हे तपासले. एसीतले शीतकही अरुंद नळीतून कमी दाबाकडे सुटते. तिथे गारव्याचे मुख्य काम त्याच्या बाष्पीभवनाने होते.

१८५४ मध्ये पत्नी अमेलिया वारल्या. दोन लहान मुले मागे राहिली. त्याच वर्षी कारखानाही विकला गेला. उतारवयात पैशांची चणचण आली आणि १८७८ मध्ये सरकारने त्यांना निवृत्तिवेतन दिले. ११ ऑक्टोबर १८८९ रोजी ते गेले. ऊर्जेच्या एककाला आज त्यांचेच नाव आहे.

त्यांच्यासारखे निरीक्षण घरीही करता येते. एसी लावताच क्षणात एमसीबी पडला, तर शॉर्टसर्किट किंवा कॉम्प्रेसर सुरू होतानाच्या झटक्याची शंका घ्यावी. दहा-पंधरा मिनिटांनी पडला, तर भार जास्त आहे. इतर मोठी उपकरणे बंद करून पाहावे. प्लग गरम लागला, जळका वास आला, तर जोड सैल आहे. एसी लगेच बंद करावा. आरसीसीबी पडत असेल, तर वीज कुठेतरी गळते आहे आणि शॉकचा धोका आहे. तो पुन्हा पुन्हा वर करू नये. या नोंदी परवानाधारक वायरमनला सांगाव्यात. एसीसाठी मीटरपासून वेगळी, पुरेशी जाड तार, तिला साजेसा एमसीबी आणि नीट अर्थिंग करून घ्यावे. एमसीबीचा आकडा ठरतो तो तारेच्या जाडीवर. तार तीच ठेवून एमसीबी मोठा केला, तर ज्यूल यांचे गणित घरातल्या कोणालाही सोडत नाही.