धान्यबीजांचा यात्रिक : निकोलाय वाव्हिलोव्ह

आपल्या पानातील पदार्थांची कुळे शोधू गेल्यास मोठी गंमत आढळून येते. भात आपल्याच खंडातला, वांगे आपल्याच देशातले, मिरीची वेल तर सह्याद्रीच्या अरण्यातली. परंतु ज्या मिरचीवाचून गोवेकराचे हुमण होत नाही ती मिरची, तसेच बटाटा, टोमॅटो, मका आणि आमच्या टेकड्यांवर रानासारखा माजलेला काजू, हे सारे पाहुणे अमेरिका खंडातून समुद्रमार्गे आलेले आहेत. बटाटा हा शब्दसुद्धा पोर्तुगीजांच्या तोंडून आपल्या भाषेत उतरला. कोणते पीक मुळात कोठले, ते मनुष्याने प्रथम कोठे पेरले, आणि त्याचे रानटी भाऊबंद आजही कोठे उभे आहेत, हा प्रश्न ज्या थोड्या लोकांनी जन्मभर उराशी बाळगला, त्यांत रशियन शास्त्रज्ञ निकोलाय इवानोविच वाव्हिलोव्ह यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. जगाला अन्न कसे पुरेल याची चिंता वाहणाऱ्या या पुरुषाचा अंत तुरुंगात उपासमारीने झाला. त्यांचे चरित्र लिहिताना लेखणी थोडी जड होते ती यामुळेच.

वाव्हिलोव्ह यांचा जन्म २५ नोव्हेंबर १८८७ रोजी मॉस्को येथे झाला. वडील इवान हे खेड्यातील गरीब शेतकरी कुटुंबातून शहरात आले आणि स्वकष्टाने कापडाच्या व्यापारात पुढे सरसावले. मुलाने आपलाच धंदा चालवावा म्हणून त्यांनी निकोलायला व्यापारी शाळेत घातले. परंतु मुलाचा ओढा मातीकडे आणि झाडापाल्याकडे. धाकटा भाऊ सर्गेय हाही विज्ञानाकडेच वळला व पुढे नामांकित पदार्थविज्ञानवेत्ता झाला; म्हणजे पेढी चालविण्यास घरात कोणीच उरले नाही. निकोलाय १९०६ साली मॉस्कोच्या कृषिविद्यालयात दाखल झाले. तेथे त्यांनी पहिला प्रबंध लिहिला तो शेताची नासाडी करणाऱ्या गोगलगाईंवर. थोर माणसांच्या पहिल्या कृती पुष्कळदा अशा साध्याच असतात.

१९१३ साली ते इंग्लंडला गेले आणि आनुवंशशास्त्राचे अग्रणी विल्यम बेटसन यांच्यापाशी राहून शिकले. मेंडेलने वाटाण्यांवर केलेले प्रयोग विस्मृतीतून वर येऊन तेव्हा जेमतेम बारा-तेरा वर्षे झाली होती. आईबापांचे गुण संततीत कोणत्या नियमाने उतरतात हे ज्ञान शेतीच्या कामी लावता येईल, तांबेरा रोगाला दाद न देणारा गहू हिशेबाने घडविता येईल, ही आशा घेऊन ते मायदेशी परतले.

पहिल्या महायुद्धात एक चमत्कारिक प्रसंग घडला. १९१६ साली उत्तर इराणात असलेल्या रशियन सैनिकांना भाकरी खाल्ल्यावर भोवळ येऊ लागली. कारण शोधण्यासाठी वाव्हिलोव्ह यांना धाडण्यात आले. गव्हाच्या शेतात उगवणाऱ्या एका विषारी तणाचे दाणे पिठात मिसळले जातात हे त्यांनी ओळखले. काम संपले, परंतु ते लगेच परतले नाहीत. तसेच पुढे पामीरच्या पठाराकडे गेले आणि वाटेतील शेतांमधून ओंब्या गोळा करीत राहिले.

या भटकंतीतून त्यांना जे उमगले त्यातील एक गोष्ट मला फार आवडते. युरोपच्या थंड भागात राय नावाचे धान्य पिकते. आपली फोडणीची राई ती वेगळी, हे भाकरीचे धान्य. सखल प्रदेशातील गव्हाच्या शेतात हे राय तण म्हणून उगवते. तिकडच्या शेतकऱ्यांनी त्याला गव्हाला छळणारे अशा अर्थाचे नाव दिलेले होते. परंतु वाव्हिलोव्ह जसजसे डोंगर चढू लागले तसतसे शेतात गहू विरळ आणि राय दाट दिसू लागले. अगदी उंचावर तर गहू नाहीसाच झाला व नुसते राय डोलू लागले. उलगडा सोपा होता. शेतकरी गहूच पेरीत वर गेला, पण थंडीने गहू मेला आणि तण जगले. अखेर मनुष्याने त्या तणालाच पीक म्हणून पत्करले. ज्याला उपटून फेकायचे त्यानेच पुढे लाखो लोकांची पोटे भरली! आम्ही कलाशाखेचे लोक इतिहास म्हणजे राजे आणि लढाया समजतो. हाही इतिहासच आहे.

१९१७ साली ते सारातोव्ह येथे प्राध्यापक झाले. त्याच वर्षी रशियात क्रांती झाली व यादवी युद्ध पेटले. त्या धामधुमीतही त्यांनी १९२० साली आपला एक सिद्धान्त विद्वानांच्या सभेत मांडला. जवळच्या नात्यातील वनस्पतींमध्ये सारखेच फेरबदल पुनःपुन्हा आढळतात. गव्हात कुसळाची व बिनकुसळाची जात असली तर रायमध्येही ती असणार, आणि सापडली नसेल तर शोधल्यास सापडेल, असा त्याचा आशय. श्रोत्यांना मेंडेलेयेव्हच्या मूलद्रव्यांच्या कोष्टकाची आठवण झाली. पुढच्याच वर्षी व्होल्गा नदीच्या खोऱ्यात भीषण दुष्काळ पडला आणि १९२१–२२ या काळात सुमारे ५० लाख माणसे दगावली. सारातोव्ह हे त्याच व्होल्गेच्या काठचे गाव. पीक एकदा बुडाले तर काय होते हे वाव्हिलोव्ह यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

१९२१ साली पेट्रोग्राड, म्हणजे पुढील लेनिनग्राड, येथील वनस्पतिसंस्थेची सूत्रे त्यांच्या हाती आली आणि त्यांच्या खऱ्या यात्रेला आरंभ झाला. १९२४ साली त्यांनी अफगाणिस्तानात घोड्यांच्या तांड्यासह सुमारे ५,००० किलोमीटरांचा प्रवास केला. १९२६ व १९२७ या वर्षांत भूमध्य समुद्राभोवतीचे देश व अ‍ॅबिसीनिया झाले, १९२९ मध्ये पश्चिम चीन, जपान व कोरिया, १९३० मध्ये मेक्सिको, आणि १९३२–३३ मध्ये दक्षिण अमेरिका. भारतात मात्र ते स्वतः आले नाहीत. तथापि भात, वांगे, तूर या पिकांचे माहेर म्हणून त्यांनी आपल्या नकाशावर आपल्या देशाला मानाचे स्थान दिले. जेथे एखाद्या पिकाचे नाना प्रकार दाटीने आढळतात तेथेच त्याचे मूळ असावे, हा त्यांचा विचार. अशी जन्मस्थाने जगात मोजकीच असून ती बहुधा डोंगराळ मुलखांत आहेत, असे त्यांनी १९२६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखवून दिले. पुढील संशोधकांनी या मतात दुरुस्त्या केल्या आहेत. मूळ आणि वैविध्य ही नेहमीच एके ठिकाणी नांदतात असे नाही. परंतु वाट पाडली ती त्यांनीच.

एवढी बियाणी जमवायची कशासाठी, असे कोणी विचारील. विद्यार्थिमित्रहो, आयर्लंडचे उदाहरण पाहा. तेथील गोरगरीब बटाट्यावर जगत आणि शेतोशेती बहुतांशी एकाच वाणाचे बेणे लावीत. १८४५ साली बटाट्यावर करपा पडला, तेव्हा त्याला तोंड देईल असे दुसरे वाण शेतात नव्हतेच. पाच-सहा वर्षांत सुमारे दहा लाख माणसे भूक व रोगराई यांनी मेली. रोगाला पुरून उरण्याचा गुण कोणत्या कोपऱ्यातल्या, कोणत्या दुर्लक्षित वाणात दडला असेल हे आधी सांगता येत नाही. आपल्या गोव्यातील खाजन शेतांचेच पाहा ना. खाऱ्या पाण्याच्या शेजारी, जेथे इतर भात करपून जाते, तेथे कोरगुट तग धरते. ते बियाणे एकदा नाहीसे झाले तर प्रयोगशाळेत बसून कोणालाही पुन्हा निर्माण करता येणार नाही. वाव्हिलोव्ह यांनी असे वाण जगभरातून वेचले. १९४० पर्यंत त्यांच्या संस्थेत सुमारे अडीच लाख नमुने जमा झाले. त्यापूर्वी एवढा बीजसंग्रह जगात कोणी केलेला नव्हता.

आता कथेचा दुःखद भाग येतो. १९२९ साली शेतीची सक्तीने सामुदायिक व्यवस्था करण्यास स्टालिनच्या राजवटीने आरंभ केला, आणि १९३२–३३ च्या दुष्काळात पुन्हा लाखो लोक प्राणास मुकले. सरकारला उत्तर हवे होते, तेही तातडीने. नवे वाण सिद्ध करण्यास दहा-बारा वर्षे लागतात. १९३१ च्या हुकुमाने ती मुदत चार-पाच वर्षांवर आणली. अशा वेळी त्रोफिम लिसेंको हा शेतकरी कुळातला तरुण पुढे आला. बियाणे भिजवून थंडीत ठेवल्यास पीक लवकर येते, एवढ्या एका खऱ्या गोष्टीवर त्याने मोठमोठ्या वचनांचा डोलारा उभारला. आनुवंशशास्त्र हे थोतांड आहे, परिस्थिती बदलली की बीजाची जातच बदलते, असे तो सांगू लागला. प्रारंभी वाव्हिलोव्ह यांनीच त्याला उत्तेजन दिले होते, हेही येथे नमूद केले पाहिजे. हुशार शेतकरीपुत्र पुढे येतो आहे याचे त्यांना कौतुक वाटले. त्याच्या प्रयोगांची कठोर परीक्षा त्यांनी आरंभीच घ्यावयास हवी होती, असे माझे मत आहे. पण मागाहून शहाणपण सांगणे सोपे असते.

सत्य काय हे सांगितल्याने संस्था जाईल आणि प्राणही जाईल, असे दिवस आले, तेव्हा वाव्हिलोव्ह मागे हटले नाहीत. १९३६ व १९३९ च्या जाहीर वादसभांत त्यांनी आनुवंशशास्त्राची बाजू उघडपणे मांडली. १९३८ साली लिसेंको कृषिविज्ञान अकादमीचा अध्यक्ष झाला. जे पद १९२९ पासून १९३५ पर्यंत वाव्हिलोव्ह यांच्याकडे होते तेच हे. १९३९ साली एडिंबरो येथे आनुवंशशास्त्रज्ञांची जागतिक परिषद भरली आणि अध्यक्ष म्हणून वाव्हिलोव्ह यांची निवड झाली. त्यांना देशाबाहेर जाऊ दिले गेले नाही.

६ ऑगस्ट १९४० रोजी ते पश्चिम युक्रेनमध्ये, कार्पेथियन पर्वताच्या परिसरात वनस्पती गोळा करीत होते. काळ्या मोटारीतून आलेली माणसे त्यांना घेऊन गेली. मागे राहिलेल्या त्यांच्या पिशवीत सहकाऱ्यांना त्या दिवशी वेचलेल्या एका पुरातन गव्हाच्या ओंब्या सापडल्या. अकरा महिने चौकशी चालली. हेरगिरी आणि शेतीचा घातपात असे आरोप ठेवण्यात आले, आणि ९ जुलै १९४१ रोजी देहान्ताची शिक्षा फर्मावण्यात आली.

तिकडे लेनिनग्राडला जर्मन सैन्याने सप्टेंबर १९४१ मध्ये वेढा घातला. तो ८७२ दिवस चालला. त्या पहिल्या हिवाळ्यात बहुतेक नागरिकांच्या वाट्याला दिवसाला १२५ ग्रॅम पाव येई, आणि त्या पावातही भुसा मिसळलेला असे. शहराच्या मध्यभागी वाव्हिलोव्ह यांच्या संस्थेत मात्र तांदूळ, गहू, वाटाणे, भुईमूग यांनी भरलेली कपाटेच्या कपाटे उभी होती. संस्थेचे लोक त्यांवर पहारा देत होते. उंदरांपासून, चोरांपासून आणि स्वतःपासूनही. शहराबाहेरच्या प्रयोगशेतातले बटाटे तोफांच्या माऱ्यात काढून तळघरात आणले गेले व गारठ्यात ते गोठू नयेत म्हणून रात्रंदिवस शेकोटी राखण्यात आली. भुईमुगाचे अभ्यासक अलेक्झांडर श्चुकिन आपल्या मेजापाशी मरण पावले. भाताचे अभ्यासक द्मित्री इवानोव्ह उपासमारीने गेले तेव्हा त्यांच्या हाताखाली तांदळाची हजारो पाकिटे होती. ओटचा संग्रह सांभाळणाऱ्या लिलिया रोदिना याही गेल्या. आणखीही काही जण असेच गेले. त्यांनी बियाणे खाल्ले असते तर त्यांना दोष देण्याचा अधिकार कोणाला होता? त्यांनी खाल्ले नाही. आपला प्रमुख कोठे आहे, आहे की नाही, हेही त्यांना ठाऊक नव्हते.

वाव्हिलोव्ह तेव्हा सारातोव्हच्या तुरुंगात होते. ज्या गावात त्यांनी तरुणपणी अध्यापन केले त्याच गावी ऑक्टोबर १९४१ मध्ये त्यांना मॉस्कोहून हलविण्यात आले होते. फाशीच्या कैद्यांच्या खोलीत दिवस कंठवेनात, तेव्हा त्यांनी सोबतच्या बंद्यांना हलक्या आवाजात शास्त्राची व्याख्याने दिली. शेतीच्या विकासाचा इतिहासही त्यांनी तुरुंगात लिहून काढला होता. ते हस्तलिखित पुढे कोणास मिळाले नाही. १९४२ साली शिक्षा कमी होऊन ती वीस वर्षांच्या कैदेची झाली. त्याच वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना विदेशी सभासद निवडले. परंतु देह पार खंगला होता. त्यांची पत्नी येलेना बारुलिना, ज्या स्वतः मसुरीच्या पिकाच्या तज्ज्ञ होत्या, मुलासह याच सारातोव्हमध्ये आसऱ्याला आल्या होत्या. पती मॉस्कोत आहे असे समजून त्या आपल्या तुटपुंज्या शिध्यातून खाद्यपदार्थांची पुडकी मॉस्कोला पाठवीत राहिल्या. तुरुंग त्यांच्या बिऱ्हाडापासून काही रस्ते ओलांडले की होता.

२६ जानेवारी १९४३ रोजी तुरुंगाच्या रुग्णालयात वाव्हिलोव्ह यांनी देह ठेवला. वय अवघे पंचावन्न.

लिसेंकोची सत्ता त्यानंतरही बराच काळ टिकली. १९४८ साली तर आनुवंशशास्त्र शिकविणेच त्या देशात बंद झाले. त्याचे वर्चस्व १९६५ साली संपुष्टात आले. वाव्हिलोव्ह यांची निर्दोषता १९५५ मध्ये न्यायालयाने मान्य केली. पुढे लेनिनग्राडच्या संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले, आणि वेढ्यातून वाचलेली ती बियाणी नवे वाण घडविण्याच्या कामी लागली. बियाणे जतन करण्याची ही विद्या आज देशोदेशी रुजली आहे. आपल्या दिल्लीतही राष्ट्रीय बीजकोश आहे, आणि नॉर्वेच्या उत्तरेस स्वालबार्ड बेटावर बर्फाळ डोंगराच्या पोटात २००८ पासून साऱ्या जगाची ठेव सांभाळली जाते.

सारातोव्हच्या दफनभूमीत वाव्हिलोव्ह यांचे स्मारक आहे. कैद्यांना तेव्हा एकत्रच पुरीत, त्यामुळे त्याखाली त्यांचा देह आहे की नाही हे कोणासही सांगता येत नाही.