मायकेल फॅरेडे : पारख करणारा भक्त

गेल्या पावसाळ्यात हैदराबादेस आम्ही उपासनेला निघालो, तो मोटार सुरू होईना. कोणी म्हणाले बॅटरी बदला, कोणी म्हणाले आल्टरनेटर. म्हाताऱ्या मिस्त्रींनी दुसऱ्या बॅटरीच्या जोरावर इंजिन सुरू केले आणि मीटर लावला. आल्टरनेटरपाशी १४ व्होल्ट, बॅटरीपाशी जेमतेम १२! दोन्ही वस्तू चांगल्या होत्या. दोष मधल्या गंजलेल्या जोडात होता. तो घासून घट्ट बसवताच काम झाले. तेव्हा आम्हांला मायकेल फॅरेडे आठवले.

त्यांचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनजवळ एका गरीब लोहाराच्या घरी झाला. शाळा थोडीच. चौदाव्या वर्षी ते पुस्तकबांधणी शिकू लागले आणि बांधायला आलेली पुस्तके वाचून विज्ञानाकडे वळले. १८१३ साली सर हंफ्री डेव्ही यांच्या हाताखाली रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांना नोकरी मिळाली.

विजेपासून चुंबकत्व मिळते, तर चुंबकापासून वीज का मिळू नये, हा त्यांचा ध्यास. अनेक प्रयत्न फसले. पण त्यांनी साहित्य फेकून दिले नाही. एकेक गोष्ट तपासली. २९ ऑगस्ट १८३१ रोजी त्यांना दिसले की, प्रवाह जोडताना आणि तोडताना, त्या क्षणापुरताच, शेजारच्या गुंडाळीला जोडलेला काटा हलतो. म्हणजे वीज बदलातून उपजते. मोटारीतला आल्टरनेटर याच नियमावर चालतो : आत चुंबक फिरतो, भोवतीच्या गुंडाळ्यांत वीज उत्पन्न होते आणि बॅटरी भरते.

फॅरेडे सँडेमनियन नावाच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीचे सभासद होते. १८४० साली ते मंडळीचे वडील झाले. १८४४ साली शिस्तीच्या वादात त्यांना काही काळ संगतीबाहेर ठेवण्यात आले. जगाने मान दिलेला हा मनुष्य रुसून गेला नाही. लवकरच त्यांना परत घेतले गेले; वडीलपण मात्र १८६० सालीच पुन्हा मिळाले. तोवर ते साधे सभासद म्हणून नम्रपणे उपासनेला बसत. रॉयल सोसायटीचे अध्यक्षपदही त्यांनी नाकारले. २५ ऑगस्ट १८६७ रोजी ते प्रभूमध्ये निजले.

प्रिय वाचकहो, मंडळीत एखादा भाऊ थंड पडला, एखादी बहीण उपासनेला येईनाशी झाली, की आपण चटकन त्यांना निकामी ठरवून दुसरे माणूस शोधतो. पौलाने थेस्सलनीकाच्या मंडळीस सर्व गोष्टींची पारख करण्यास शिकवले. तेव्हा आधी त्यांच्या घरी जाऊन बसू या. कदाचित दोष त्यांच्यात नसेल. त्यांच्या आणि आपल्यामधला जोडच गंजला असेल.